एका बटेची परीक्षा

बारावीची परीक्षा संपली त्याच संध्याकाळी आमच्या कन्येने घरात जाहीर केले, की आता केस कापायचे आणि त्यांत सोनेरी बटा काढून घ्यायच्या. या बटांना ‘हायलाइट्स’ म्हणतात. सगळे केस न रंगवता मधूनमधून थोड्या थोड्या बटा निवडून तेवढ्याच फिक्या करतात. उरलेल्या काळ्या केसांत त्या उन्हाच्या तिरिपीसारख्या उठून दिसतात. तिच्या आईने नाक मुरडले. मी पडलो मास्तर. मी विचारले, “म्हणजे रंग चढवायचा की उतरवायचा?”

“चढवायचा! सोनेरी रंग लावायचा, बाबा.”

इथेच गफलत आहे, आणि ती एकट्या तिचीच नाही. काळे कापड हळदीच्या पाण्यात कितीही वेळ बुचकळले तरी ते पिवळे होत नाही. पांढरे मात्र होते. काळ्या केसाचेही तसेच आहे. त्याला सोनेरी करायचे तर आधी त्यातला काळेपणा काढावा लागतो. तो कसा काढतात, काढताना केसाचे काय होते, आणि काढण्यापूर्वी एक लहानसा प्रयोग करणे का शहाणपणाचे असते, हे मला त्या आठवड्यात खुर्चीवर बसल्या बसल्या पाहायला मिळाले.

साताऱ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक सलून आहे. वीस वर्षे मी तिथेच केस कापतो. पूर्वी पाटीवर ‘केशकर्तनालय’ असा भारदस्त शब्द होता. आत दोन खुर्च्या, समोरासमोर आरसे आणि कोनाड्यात रेडिओ. आता मालकांची मुलगी पुण्याहून शिकून आली आहे. निम्म्या जागेत ती मुलींचे व बायकांचे केस कापते. गल्लीतल्या सगळ्या मुली तिला ताई म्हणतात. त्या दिवशी कापणारे बाप-लेक आणि कापून घेणारेही बाप-लेक, असे आम्ही चौघे होतो. माझ्यामागे काका कात्री घेऊन उभे होते आणि शेजारच्या खुर्चीमागे ताई.

ताईने कात्री उचलण्यापूर्वी एक प्रश्न विचारला. “याआधी केसांना काय काय लावलंयस?”

“काही नाही. मेंदी फक्त.”

“कुठली मेंदी?”

“काळी. यात्रेतून आणलेली. जानेवारीत लावली होती.”

ताईचा हात थांबला. “पुडीवर काय काय घातलंय ते लिहिलं होतं?” पुडीवर काहीच लिहिलेले नव्हते, एका पालावर सुटी पूड कागदात बांधून दिली होती. “बरं,” ताई म्हणाली, “आधी कापू. मग बघू.”

तिने फवाऱ्याने केस ओले केले. न्हावी केस ओले का करतात, याचा तुम्ही कधी विचार केला आहे का? ओले केस एकमेकांना चिकटून राहतात आणि उडत नाहीत, हे तर खरेच. पण त्याहून मोठा बदल केसाच्या आत होतो. केस हा केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. या प्रथिनाचे लांबलचक रेणू पिळाच्या दोरीसारखे एकमेकांशेजारी असतात आणि ते एकमेकांना दोन प्रमुख प्रकारच्या बंधांनी धरून ठेवतात. एक असतात हायड्रोजन बंध. ते संख्येने खूप, पण एकेकटे दुबळे. दुसरे असतात गंधकाचे बंध. एका साखळीतला गंधकाचा अणू शेजारच्या साखळीतल्या गंधकाच्या अणूला पक्का जोडलेला असतो. केसाच्या वजनात सुमारे चार ते पाच टक्के गंधक असते. केस जळला की जो उग्र वास येतो, तो मुख्यतः याच गंधकाच्या संयुगांचा.

पाणी केसात शिरले की हायड्रोजन बंध सुटतात, कारण पाण्याचे रेणूच मध्ये घुसून साखळ्यांना धरतात. केस फुगतो, मऊ होतो, थोडा लांबतो. वाळला की बंध पुन्हा जुळतात. म्हणून ओले केस वेणी घालून वाळवले तर सकाळी लाटा पडलेल्या दिसतात आणि पुन्हा भिजवले की त्या नाहीशा होतात. कोरड्या हवेतून अगदी दमट हवेत नेले तर केसाची लांबी सुमारे दोन टक्क्यांनी वाढते. जिनीव्हाचे शास्त्रज्ञ दे सोस्यूर यांनी नेमक्या याच गुणाचा उपयोग करून केसाचे आर्द्रतामापक यंत्र बनवले आणि १७८३ साली त्याची सविस्तर माहिती प्रसिद्ध केली. ताणून धरलेल्या केसाचे टोक एका काट्याला जोडले, की हवेतली आर्द्रता काटाच सांगतो. पुढे दीडशेहून अधिक वर्षे हवामान केंद्रांत अशी केसांची उपकरणे वापरली गेली. ताईला दे सोस्यूर ठाऊक नसेल. पण आमच्या मुलीचे केस किंचित कुरळे असल्याने ती हवे त्यापेक्षा बोटभर लांब कापत होती. “वाळले की वर चढतात,” ती म्हणाली. नियम तोच.

हे सगळे परत फिरणारे बदल आहेत. भिजवा, वाळवा, पुन्हा भिजवा. केस होता तसाच. कापण्याने तर केसाच्या द्रव्यात काहीच बदल होत नाही, फक्त लांबी कमी होते. आणि कापताना दुखत नाही, कारण केस जिवंत नसतो. जिवंत असते ते त्वचेच्या आतले त्याचे मूळ. तिथे पेशी वाढतात, वर ढकलल्या जातात, केराटिनने भरतात आणि मरतात. आपण जो केस विंचरतो, तो या मेलेल्या पेशींचा धागा असतो. उपटला तर दुखते ते मुळाशी असलेल्या मज्जातंतूंमुळे.

केस मेलेला असण्याचा हा फायदा सर्वांना कळतो. त्याची दुसरी बाजू सहसा लक्षात येत नाही. बोट कापले तर जखम भरून येते, कारण तिथे जिवंत पेशी आहेत. केसाला इजा झाली तर ती भरून काढायला कोणीच नसते. जे बिघडले ते कापून टाकेपर्यंत डोक्यावर राहते. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

आता केसाच्या रंगाकडे वळू. तुमचा एक लांब केस अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये धरा आणि लांबीच्या दिशेने बोटे एकमेकांवर पुढेमागे घासा. केस हळूहळू एकाच दिशेने सरकू लागेल, नेहमी मुळाकडचे टोक पुढे ठेवून. असे का? केसाच्या बाहेरून कौलांसारखे खवले बसवलेले असतात आणि त्यांची मोकळी कड शेंड्याकडे असते. त्यामुळे एका दिशेने बोट सहज घसरते, दुसऱ्या दिशेने अडकते. या पारदर्शक कौलांच्या आत केसाचा मुख्य गाभा असतो आणि त्यात मेलॅनिन या रंगद्रव्याचे सूक्ष्म कण विखुरलेले असतात. मेलॅनिन दोन जातींचे असते. एक काळे-तपकिरी, दुसरे तांबूस-पिवळे. आपल्याकडच्या केसांत पहिले इतके भरपूर असते, की केसात शिरलेला बहुतेक प्रकाश शोषला जातो. म्हणून केस काळा दिसतो. त्यावर जी चमक दिसते ती कौलांच्या गुळगुळीत पृष्ठभागावरून परावर्तित झालेल्या प्रकाशाची.

मग पांढरा केस? त्यात पांढरे रंगद्रव्य असते असे अनेकांना वाटते. तसे काही नसते. त्यात मेलॅनिनच नसते. काच पारदर्शक असते, पण तिचा चुरा पांढरा दिसतो; मिठाचा खडा आणि बारीक मीठ यांचेही तेच. असंख्य लहान पृष्ठभागांवरून प्रकाश सर्व दिशांना विखुरला जातो आणि आपल्याला पांढरेपणा दिसतो. माझ्या मांडीवर पडणाऱ्या केसांत असे बरेच होते. काका सौजन्याने त्याविषयी बोलत नाहीत.

तेव्हा सोनेरी बट म्हणजे अशी बट, जिच्यातले बरेचसे मेलॅनिन नाहीसे केले आहे. हे काम हायड्रोजन पेरॉक्साइड करते. पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनचा एक अणू असतो, याच्यात दोन. हा दुसरा ऑक्सिजन देऊन टाकायला पेरॉक्साइड उतावीळ असते, आणि ज्याला तो मिळतो त्याचे ऑक्सिडीकरण होते. लुई थेनार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८१८ साली हे संयुग शोधले. १८६७ साली पॅरिसच्या प्रदर्शनात त्याने केस फिके करून दाखवण्यात आले. मेलॅनिनचे ऑक्सिडीकरण झाले की त्याच्या मोठ्या रेणूंचे तुकडे पडतात. ते प्रकाश शोषू शकत नाहीत आणि धुतले जातात.

ताईच्या फळीवरच्या बाटल्यांवर ‘२० व्हॉल्यूम’, ‘३० व्हॉल्यूम’, ‘४० व्हॉल्यूम’ असे लिहिले होते. ‘२० व्हॉल्यूम’च्या बाटलीवर शेजारी बारीक अक्षरांत ६ टक्के. वीस आणि सहा यांचा मेळ कसा बसतो, असे मी मुलीला विचारले. परीक्षा संपल्यावर असे प्रश्न विचारू नयेत असा तिचा चेहरा झाला, पण गणित सोपे आहे. पेरॉक्साइडचा रेणुभार ३४. त्याच्या दोन रेणूंपासून पाण्याचे दोन आणि ऑक्सिजनचा एक रेणू मिळतो. म्हणजे ६८ ग्रॅम पेरॉक्साइडपासून प्रमाण तापमानाला व दाबाला २२,४०० मिलिलिटर ऑक्सिजन. सहा टक्के द्रावणाच्या १०० मिलिलिटरमध्ये ६ ग्रॅम पेरॉक्साइड असते. त्रैराशिक मांडा: २२,४०० गुणिले ६ भागिले ६८, म्हणजे सुमारे १,९७६ मिलिलिटर. शंभर मिलिलिटर द्रावणातून जवळजवळ दोन हजार मिलिलिटर वायू, म्हणजे द्रावणाच्या वीसपट आकारमान. तेच ‘२० व्हॉल्यूम’. ‘४० व्हॉल्यूम’ म्हणजे १२ टक्के, हे आता तुम्हीच सांगाल.

पण नुसते पेरॉक्साइड लावून काम फारसे होत नाही. बाटलीत ते मुद्दाम आम्ल राखलेले असते, म्हणजे टिकते. वापरताना त्यात एक निळसर पूड कालवतात. तिच्यात अल्कली आणि परसल्फेटची लवणे असतात. अल्कलीमुळे दोन गोष्टी घडतात. केस फुगून त्याची कौले उचकटतात व आत जायला वाट होते; आणि पेरॉक्साइड अस्थिर होऊन भराभर काम करू लागते. म्हणूनच हे मिश्रण आयत्या वेळी कालवतात. परसल्फेटची पूड नाकातोंडात गेली तर काहींना दम लागतो, त्वचेवर पुरळ येते. ताई पूड कालवताना दार उघडे ठेवते आणि हातमोज्यांशिवाय ब्रश उचलत नाही. हे तिला रोज करावे लागते, आपल्याला वर्षातून एकदा.

आत शिरलेल्या पेरॉक्साइडला मेलॅनिन कोणते आणि केराटिन कोणते हे कळत नाही. काळेपणाबरोबर ते गंधकाचे बंधही तोडते. साध्या ब्लीचमध्ये दर शंभर गंधकबंधांपैकी पंधरा ते पंचवीस तुटतात. मिश्रण कडक असेल किंवा फार वेळ ठेवले तर याहून बरेच जास्त. तुटलेल्या जागी गंधकाचे आम्ल तयार होते आणि ते पुन्हा जुळत नाही. हायड्रोजन बंधांसारखी ही ये-जा नाही. नंतर लावायच्या मलमांनी कौले खाली बसतात, केस मऊ लागतो, विंचरताना कमी अडकतो, पण मेलेल्या धाग्यात पहिले सगळे बंध परत विणले जात नाहीत.

रंग उतरण्याचा क्रमही पाहण्यासारखा असतो. काळ्या-तपकिरी जातीचे मेलॅनिन आधी जाते, तांबूस-पिवळे चिवट असते. म्हणून काळा केस आधी तांबूस तपकिरी, मग तांबडा, मग नारिंगी, मग सोनेरी आणि शेवटी पिकलेल्या केळीच्या सालीच्या आतल्या बाजूसारखा फिका पिवळा होतो. फार पिवळा वाटला तर वर जांभळट रंगाचा हलका हात देतात. जांभळा आणि पिवळा हे एकमेकांचे पूरक रंग. जांभळे द्रव्य नेमका पिवळा प्रकाश शोषते आणि पिवळेपणा मरतो. जुन्या पांढऱ्या कपड्यांना आपण नीळ देतो त्यातलीच ही युक्ती. मुलीने कोणती छटा हवी ते तक्त्यावर दाखवले, तेव्हा ताई तक्ता घेऊन तिला दारापर्यंत घेऊन गेली. आतल्या एलईडी दिव्याखाली मधासारखी दिसणारी छटा उन्हात चक्क पितळी दिसली. प्रकाशातच जो रंग कमी आहे, तो केसावरून परत कुठून येणार?

एवढे होईपर्यंत कापणे आटोपले होते. ताईने खाली पडलेल्या केसांतली एक बट उचलली, दोऱ्याने बांधली आणि एका काचेच्या वाटीत पेरॉक्साइड व अमोनियाचे थोडे थेंब घेऊन त्यात बुडवली. माझ्यातला मास्तर जागा झाला. मी म्हटले, “तुलनेसाठी दुसरी वाटी ठेव. माझे केस घाल. त्यांना काही लावलेलं नाही.” काका हसले; पण ताईने दुसऱ्या वाटीत तेवढेच मिश्रण घेऊन माझी बट टाकली. एका वाटीत काळ्या मेंदीचे केस, दुसरीत साधे. बाकी सर्व सारखे. प्रयोगशाळेत आम्ही याहून वेगळे काही करत नाही.

पाच मिनिटेही झाली नसतील, पहिल्या वाटीत फेस चढू लागला. ताईने वाटी माझ्याकडे सरकवली. “सर, बाहेरून बोट लावून बघा.” वाटी कोमट झाली होती. माझ्या केसांची वाटी थंडगार, आत मोजके बुडबुडे. अर्ध्या तासाने दोन्ही बटा धुतल्या. माझी बट तांबूस तपकिरी झाली होती, ओढल्यावर शाबूत राहिली. मुलीची बट चिमटीत धरून ओढली, तर ती भिजलेल्या शेवईसारखी लांबली आणि तुटली.

असे का व्हावे? शाळेच्या प्रयोगशाळेत ऑक्सिजन तयार करताना हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये चिमूटभर मँगनीज डायऑक्साइड टाकतात, हे तुम्हाला आठवत असेल. एरवी सावकाश विघटन पावणारे द्रावण एकदम फसफसते. मँगनीज डायऑक्साइड स्वतः खर्च होत नाही, ते उत्प्रेरक असते. मुलीच्या केसांवर बसलेल्या धातूच्या लवणाने हेच काम केले. खरी मेंदी म्हणजे मेंदीच्या झाडाच्या पानांची पूड. तिच्यात लॉसोन नावाचे रंगद्रव्य असते आणि ते केराटिनला चिकटून तांबूस-नारिंगी रंग देते. पिकल्या केसांवर मेंदी लावणाऱ्या आजोबांची केशरी दाढी तुम्ही पाहिली असेल. एकटी मेंदी काळा रंग कधीच देत नाही. काळेपणासाठी तिच्यात नीळीची पाने, नाहीतर पीपीडी हे रसायन, नाहीतर शिसे, चांदी किंवा तांबे यांची लवणे मिसळलेली असतात. वाटी तापणे आणि केस गळून पडणे ही यांपैकी तांब्याची ओळखीची खूण आहे. शिसे असेल तर केस झटकन फिका पडतो. चांदी असेल तर मुळीच फिका पडत नाही.

यात्रेतली पूड लावली तेव्हा तिने डोक्याला काहीच केले नव्हते, आणि पेरॉक्साइडनेही एकट्याने इतके केले नसते. दोन्ही एकत्र आली म्हणून हे घडले. किती तापू शकते याचा हिशोब घरी येऊन मी मांडला. पेरॉक्साइडचे विघटन उष्णता देणारे आहे. ३४ ग्रॅममागे सुमारे ९५ किलोज्यूल. सहा टक्के द्रावणाच्या १०० मिलिलिटरमध्ये ६ ग्रॅम, म्हणून सुमारे १७ किलोज्यूल. १०० ग्रॅम पाण्याचे तापमान १ अंशाने वाढवायला सुमारे ४२० ज्यूल लागतात. म्हणजे सगळे विघटन एकदम झाले आणि उष्णता बाहेर निसटू दिली नाही, तर तापमान सुमारे ४० अंशांनी वाढेल. साताऱ्याच्या मार्चमधल्या ३० अंशांत ते मिळवा, ७० होतात. बारा टक्के द्रावण घेतले तर वाढ दुप्पट, ८० अंश; म्हणजे उकळबिंदूच गाठला. ६० अंशांचे पाणी काही सेकंदांत कातडी भाजते.

वाटी उघडी होती, द्रावण थोडे होते, म्हणून ती नुसती कोमट झाली. डोक्यावर असे नसते. हायलाइट्स काढताना प्रत्येक बट मिश्रण लावून ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यात गुंडाळतात. एक तर शेजारचे केस वाचतात आणि मिश्रण वाळत नाही. शिवाय आतली ऊब आत राहते व काम लवकर होते. रासायनिक क्रियांचा वेग दर दहा अंशांना ढोबळमानाने दुप्पट होतो. एरवी सोयीची असलेली ही घडी उत्प्रेरक आत असताना भट्टी बनते. तापले की वेग वाढतो, वेग वाढला की आणखी तापते. आणि ही घडी कवटीपासून किती दूर असते? अर्धा सेंटिमीटर.

जाता जाता पीपीडीविषयी, कारण काळे करण्याच्या बहुतेक कायम रंगांत ते किंवा त्याची भावंडे असतात. १९०७ साली ओझेन शुलेर या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने केसांचा कृत्रिम रंग बनवला, तेव्हापासून या कुळातील रसायनांवर हा सगळा धंदा उभा आहे. बहुतेकांना ती सोसतात, काहींना मुळीच नाही. म्हणून डबीवर सूचना असते, की कानामागे थेंबभर लावून ४८ तास वाट पाहा. दहा वर्षांपूर्वी एका लग्नाच्या आदल्या रात्री मी ही सूचना वाचली आणि हसलो. दुसऱ्या दिवशीच्या फोटोत मी नाही. पापण्या सुजून डोळे मिटले होते. ४८ तास का, तर ही प्रतिक्रिया शरीराच्या संरक्षण-पेशींची असते, त्यांना जमा व्हायला एक-दोन दिवस लागतात. अर्ध्या तासात काही झाले नाही म्हणजे काही होणार नाही, असे म्हणता येत नाही. आणि एकदा शरीराने ओळख धरली की ती सहसा जन्मभर राहते.

ताईने दोन्ही वाट्या धुऊन पालथ्या घातल्या आणि पत्र्याची गुंडाळी फळीवर परत ठेवली. “आज नाही गं.” आमच्या कन्येचे डोळे भरले. मैत्रिणींना सांगून ठेवले होते, उद्या सगळ्या जमणार होत्या. “थोडंच लाव ना ताई, दोनच बटा,” असेही तिने म्हणून पाहिले. हायलाइट्सचे दोन हजार रुपये त्या दिवशी गल्ल्यात पडायचे राहिले, पण ताई बधली नाही. “दोन बटांनाही डोकं तेच असतं,” ती म्हणाली आणि फक्त केस कापल्याचे पैसे घेतले.

घरी रात्री उशिरा मुलगी माझ्या टेबलाशी आली. “मग कधी काढता येतील?” हा प्रश्न मात्र मला फार आवडला, कारण याचे उत्तर काढता येते. केस महिन्याला साधारण १ ते १.२५ सेंटिमीटर वाढतो, १.२ धरू. जानेवारीपासून अडीच महिन्यांत मुळाशी सुमारे ३ सेंटिमीटर नवा, लवणाचा स्पर्श न झालेला केस आला आहे. बट उठून दिसायला निदान १५ सेंटिमीटर लांबी हवी असे ताई म्हणते. उरले १२ सेंटिमीटर, भागिले १.२, म्हणजे दहा महिने. तोवर जुना भाग मधूनमधून कापत राहायचा. पुढचा जानेवारी.

“आणि १ सेंटिमीटरच वाढला तर?” तिने विचारले.

तर बारा महिने. तेव्हा नुसते पुस्तकातले मूल्य घेऊन चालणार नाही, स्वतःच्याच केसाचा वेग मोजायला हवा. उन्हात धरल्यावर तिच्या जुन्या केसाला किंचित तांबूस झाक दिसते आणि नवा केस निखळ काळा. दोहोंमधली रेघ भिंगातून स्पष्ट कळते. कानामागची एक जागा ठरवून आम्ही तिथले पाच केस मोजतो आणि सरासरी घेतो. वहीत पहिले वाचन २० मार्चचे आहे: ३१ मिलिमीटर. दुसरे २० एप्रिलचे: ४२ मिलिमीटर.